रिकाम्या गाडीवर मोजू नका: गाडी खाली करण्यासाठी ॲडजस्टेबल सस्पेन्शन निवडण्याचा आणि बसवण्याचा क्रम

बडोद्यात गाडी खाली करून घेणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात. रिकामी गाडी उभी असते, चाक आणि मडगार्ड यांच्यातल्या फटीत चार बोटं जातात, ती दोन व्हावीत एवढंच मनात धरून ऑर्डर दिली जाते. मग रविवारी मागे आई-बाबा, डिकीत सामान असं घेऊन गाडी डभोईकडे निघाली की प्रत्येक खड्ड्यात मागचा भाग धाडकन आपटतो, आणि दोष कॉइलओव्हरच्या (उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकच्या सेटच्या) कंपनीला दिला जातो. सेट बहुतेक वेळा ठीक असतो. चुकलेलं असतं ते मोजमाप, आणि मोजण्याआधी केलेली खरेदी.

म्हणून खालच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका. पहिले दोन टप्पे पूर्ण होईपर्यंत कुठल्याही सेटची किंमत विचारू नका.

## १. गाडी मोजा: रिकामी आणि भरलेली

सपाट फरशी शोधा. चारही टायरमध्ये दारावरच्या पट्टीवर लिहिलेली हवा भरा आणि पेट्रोल अर्धी टाकी ठेवा. गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे करून हँडब्रेक न ओढता थांबवा. जॅकवरून नुकत्या उतरवलेल्या गाडीची उंची खोटी दिसते, कारण टायर बाजूला सरकून बसलेले असतात.

मोजायच्या गोष्टी:

- चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर, चारही कोपऱ्यांत. जमिनीपासून मोजू नका. त्यात टायरची झीज आणि हवा मिसळते.
- जमिनीपासून गाडीच्या सर्वांत खालच्या भागाचं अंतर. बहुतेक छोट्या गाड्यांत हा भाग इंजिनखालची सबफ्रेम किंवा सायलेन्सरचा पाइप असतो. कंपनीच्या पत्रकातला ग्राउंड क्लिअरन्स वापरू नका, टेप लावा.
- हीच दोन्ही मापं पुन्हा, पाच माणसं आणि नेहमीचं सामान भरून.
- पुढच्या आणि मागच्या चाकांवरचं वजन. मकरपुरा जीआयडीसीकडे ट्रकचे वजनकाटे आहेत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. १०-२० किलोंचा फरक चालेल.

शेवटचं माप सस्पेन्शनच्या उरलेल्या हालचालीचं, आणि बहुतेक लोक नेमकं तेच वगळतात. शॉकॲबसॉर्बरवरचं रबरी बूट वर सरकवा, पिस्टन रॉडवर एक बारीक केबल टाय घट्ट बांधून नळीच्या तोंडापर्यंत खाली दाबा आणि भरलेली गाडी नेहमीच्या रस्त्यावरून १० किलोमीटर फिरवा. परत आल्यावर भरलेल्या अवस्थेतच केबल टाय आणि नळीचं तोंड यांच्यातलं अंतर मोजा. शॉक तेवढा आत दबला होता. केबल टाय बंप स्टॉपला (शॉक पूर्ण दबू न देणाऱ्या रबरी ठोकळ्याला) जाऊन टेकलेला असेल, तर मूळ उंचीवरच तुमच्या गाडीची सगळी हालचाल वापरली जाते आहे. मूळ शॉकवर फक्त छोट्या स्प्रिंग टाकण्याचा विचार तिथेच संपतो.

तपासणी: भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या मागच्या मापांत फरक किती आला? २५ ते ४० मिमी आला तर नवल नाही. हा आकडा पुढे सतत लागणार आहे, कागदावर लिहून ठेवा.

## २. किती खाली, हे तुमचा सर्वांत वाईट गतिरोधक ठरवतो

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. अडीच मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतराची) गाडी त्याच्या माथ्यावर मधोमध आली, तरी चाकंही चढावर असल्याने पोटाखालचं अंतर जेमतेम साडेचार सेमीने कमी होतं. असा गतिरोधक खाली केलेल्या गाडीलाही त्रास देत नाही. त्रास देतो तो सोसायटीच्या फाटकाशी सिमेंटने घातलेला, हात-दीड हात रुंदीचा उंचवटा. पुढची चाकं तो ओलांडून सपाट जमिनीवर आलेली असतात, मागची अजून चढलेली नसतात, आणि उंचवट्याची पूर्ण उंची पोटाखाली येते.

तो असा मोजा: सारख्या उंचीचे दोन डबे व्हीलबेसइतक्या अंतरावर, उंचवट्याच्या दोन बाजूंना ठेवा. त्यांच्या माथ्यावरून दोरी ताणा. दोरीपासून उंचवट्याच्या माथ्यापर्यंत जे अंतर येईल ते डब्याच्या उंचीतून वजा करा. डबा २५ सेमी आणि दोरीखालचं अंतर १४.५ सेमी असेल, तर उंचवटा १०.५ सेमी.

आता हिशेब. समजा भरलेल्या गाडीचं प्रत्यक्ष अंतर १४० मिमी आहे. त्यातून १०५ गेले, ३५ उरले. हेलकाव्यासाठी १५ राखा, म्हणजे २० मिमी खाली करता येईल. नव्या स्प्रिंग मूळपेक्षा कडक असल्याने भरलेली गाडी ८-१० मिमी कमी बसेल, तेवढी सवलत घ्या आणि ३० मिमीवर थांबा.

आमचं स्पष्ट मत: घरची एकुलती गाडी असेल तर बडोद्यात २५ ते ३० मिमी ही मर्यादा आहे. ५० मिमीची हौस असेल, तर ती गाडी रोज कुटुंबाला नेणारी नसावी.

सावध: पावसात अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्यात) पाणी भरतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी ३० मिमी खाली गेली की तेच पाणी गाडीवर ३० मिमी वर चढतं. तुमच्या गाडीची हवा ओढणारी नळी बंपरमागे कुठे उघडते, ते बॉनेट उघडून पाहून ठेवा. तिथपर्यंतची उंची ही पाण्यातली तुमची शेवटची रेषा.

## ३. प्रकार ठरवा

छोट्या लोअरिंग स्प्रिंग ॲडजस्टेबल नसतात आणि मूळ शॉकची हालचाल खातात. पहिल्या टप्प्यात केबल टाय बंप स्टॉपपासून दूर राहिला असेल तरच त्यांचा विचार करा. एअर सस्पेन्शनला टाकी, कंप्रेसर, वायरिंग आणि गळतीची देखभाल लागते. ३० मिमीसाठी तो खटाटोप नको. उरतात कॉइलओव्हर, आणि त्यांचे दोन प्रकार लोक हमखास गल्लत करतात.

पहिला, फक्त वाटी फिरणारा. शॉकच्या नळीवर आटे असतात, स्प्रिंगखालची वाटी वर-खाली फिरवून उंची बदलते. वाटी खाली नेली की शॉक तेवढा जास्त दबलेल्या अवस्थेत उभा राहतो, म्हणजे वर जाण्याची हालचाल घटते. शिवाय वाटी फार खाली नेली आणि चाक लटकलं की स्प्रिंग सैल पडते आणि टकटक करते. केडब्ल्यू कंपनीचा व्हेरिएंट १, बिलस्टीन कंपनीचा बी१४ या घडणीचे. हे सेट वाईट नाहीत. कंपनीने दिलेल्या उंचीच्या पट्ट्यातच राहायचं, एवढी अट आहे.

दुसरा, खालचा ब्रॅकेट वेगळा फिरणारा. इथे स्प्रिंगचा ताण न बदलता पूर्ण स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकची एकत्र जोडणी) लांब-आखूड होतो, त्यामुळे उंची बदलली तरी शॉकची हालचाल तेवढीच राहते. बीसी रेसिंगचा बीआर असा आहे. किंमत मोजून यात जास्त सोय मिळते, पण एक धोकाही येतो: टायर बॉडीला घासेपर्यंत गाडी खाली नेता येते आणि शॉक तुम्हाला अडवत नाही.

"वाटी वर केली की स्प्रिंग कडक होते" हे गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. साध्या, एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा वाटीने बदलत नाही. गाडी फक्त वर येते. कडकपणा बदलायचा तर स्प्रिंग बदला.

## ४. स्प्रिंगचा कडकपणा: इथे घाई नको

सेटच्या खोक्यावर किलो प्रति मिमीत आकडा असतो: ४ किलो, ६ किलो, ८ किलो. ६ किलो म्हणजे ६ किलो भार टाकला की स्प्रिंग १ मिमी दबते. परदेशी गुळगुळीत रस्त्यांसाठी किंवा ट्रॅकसाठी जुळवलेला सेट इकडे तसाच उचलला की गाडी उडते, आणि मग डॅम्पर (म्हणजे शॉक) सैल करून ते झाकायचा प्रयत्न होतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. हॅचबॅकच्या पुढच्या दोन चाकांवर ६५० किलो, म्हणजे एका चाकावर ३२५. त्यातून चाक, ब्रेक, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांचे ३५ वजा केले की स्प्रिंगवर उभं वजन २९०. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (अशा गाड्यांच्या पुढच्या चाकांची नेहमीची रचना) चाक १ मिमी हललं की स्ट्रट साधारण ०.९५ मिमी हलतो, आणि कडकपणा त्याच्या वर्गाने चाकापर्यंत पोचतो, म्हणजे ०.९ पट. यावरून गाडीची वर-खाली डोलण्याची नैसर्गिक गती येते:

- ३ किलो: सुमारे १.५ हर्ट्झ
- ४ किलो: सुमारे १.७५ हर्ट्झ
- ६ किलो: सुमारे २.१५ हर्ट्झ

मूळ गाड्या बहुधा १.१ ते १.४ च्या आसपास असतात. १.५ ते १.८ हा शहर आणि हायवे दोन्हीकडे चालणारा पट्टा. २ च्या वर गेलात की अहमदाबाद एक्सप्रेसवेवर गाडी छान बसलेली वाटेल, पण मांडवीच्या आसपासच्या उखडलेल्या गल्ल्यांत मागे बसलेल्या माणसाची पाठ बोलेल. या गाडीला पुढे ४ किलोच्या वर घेऊ नका.

मागचा हिशेब वेगळा करायचा. स्विफ्ट, पोलो, सिटी अशा गाड्यांत मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) असतो, आणि स्प्रिंग चाकापासून आतल्या बाजूला, शॉकपासून वेगळी बसते. समजा चाक १ मिमी हललं की ती ०.७५ मिमी दबते, म्हणजे तिचं गुणोत्तर ०.७५ आहे; वर्ग ०.५६. म्हणजे ५ किलोची स्प्रिंग चाकाशी फक्त २.८ किलोची उरते. मागच्या प्रत्येक चाकावर माणसं आणि सामान मिळून ७० किलो वाढले की गाडी ७० भागिले २.८, म्हणजे २५ मिमी बसणार. पहिल्या टप्प्यात लिहिलेला आकडा इथे शेजारी ठेवा. नवा आकडा त्याहून कमी आला नाही, तर मागची स्प्रिंग मऊ आहे.

याच गुणोत्तरामुळे मागचा ॲडजस्टर १० मिमी फिरवला की चाकाशी उंची सुमारे १३ मिमी बदलते. पुढे-मागे सारखे फेरे मोजून गाडी समतल होत नाही.

तपासणी: विक्रेत्याकडून चार आकडे लेखी घ्या: पुढचा आणि मागचा स्प्रिंग रेट, स्प्रिंगचा आतला व्यास आणि मोकळी लांबी. आतला व्यास ६० किंवा ६५ मिमीसारखा प्रचलित असेल तर पुढे फक्त स्प्रिंग बदलता येते. जो विक्रेता रेट सांगू शकत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

## ५. डॅम्पर: किती बटणं हवीत

डॅम्पर दोन दिशांनी काम करतो: चाक वर जाताना कॉम्प्रेशन, परत खाली येताना रिबाउंड. एका बटणाचे सेट मुख्यतः रिबाउंड बदलतात. केडब्ल्यूमध्ये व्हेरिएंट १ ला बटण नाही, २ ला रिबाउंड, ३ ला दोन्ही. रोजच्या गाडीला एक बटण पुरतं. दोन बटणं ज्याला नोंदवही ठेवून एकेक क्लिक तपासायची सवय आहे त्याने घ्यावीत. नाहीतर ती चुकीच्या जागी राहतात आणि गाडी मूळपेक्षा वाईट चालते. ३२ क्लिक आहेत म्हणून सेट चांगला, असंही नसतं. पहिल्या आणि शेवटच्या क्लिकमध्ये फरक जाणवायला हवा.

## ६. पैसे देण्याआधी: बसणार का?

- पुढचा स्ट्रट हबला कसा जोडला आहे? स्विफ्टसारख्या गाड्यांत दोन बोल्टचा ब्रॅकेट असतो. पोलो आणि तिच्या भावंडांत नळी हबच्या पकडीत वरून उतरते. तिथे नळीचा व्यास तंतोतंत लागतो. जेट्टा-ऑक्टेव्हियाच्या काही पिढ्यांत एकाच मॉडेलला ५० आणि ५५ मिमी असे दोन व्यास आले आहेत. कॅलिपर लावून मोजा.
- वरचा माउंट सोबत येतो की जुनाच वापरायचा? जुना असेल तर नवीन रबर आणि बेअरिंग आधीच आणा. धातूच्या गोळीचा माउंट धुळीत लवकर खडखडतो. रोजच्या गाडीला रबरच बरं.
- लिंक रॉड (वळणात गाडी झुकू न देणाऱ्या बारचा जोडदांडा) आणि एबीएसच्या वायरीचे हुक नव्या स्ट्रटवर आहेत का? गाडी खाली गेल्यावर लिंक रॉडचा कोन बदलतो. काही सेटमध्ये आखूड रॉड लागतो.
- टायर आणि स्ट्रटची वाटी यांच्यात किमान ६ मिमी फट राहील का? रुंद टायर लावलेल्यांनी हे आधी पाहावं.
- सील आणि डॅम्परचं कार्ट्रिज सुटं मिळतं का? दोन-तीन वर्षांनी एक शॉक गळला तर पूर्ण सेट फेकावा लागू नये.

सावध: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२ए मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. दरजीपुऱ्याच्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे खरेदीआधी लेखी विचारा. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शनची वॉरंटी गेली असं धरून चाला.

## ७. बसवण्याचा क्रम

१. आदल्या दिवशी सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. टॉर्क रेंच नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नका.

२. नवे स्ट्रट गाडीवर चढवण्याआधी डाव्या-उजव्याची पूर्ण लांबी सारखी करा. वाटीखालचे आटे टेपने मोजा. डोळ्याचा अंदाज नको. आट्यांवर अँटी-सीझ पेस्टचा (आटे जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) पातळ थर द्या. खालचा ब्रॅकेट वेगळा फिरत असेल तर किमान किती आटे आत हवेत तो आकडा कंपनीच्या कागदावर असतो. त्याहून कमी ठेवलात तर स्ट्रट उपटून येऊ शकतो.

३. स्प्रिंग न लावता एका बाजूला नुसता डॅम्पर बसवून पाहा. गाडी जॅकवर नव्हे, घोड्यांवर (जॅक स्टँडवर) उभी हवी. हबखाली दुसरा जॅक लावून बंप स्टॉप अर्धा दबेपर्यंत चाक वर घ्या आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. टायर कुठे घासतो, ब्रेकची नळी कुठे ताणते, ड्राइव्ह शाफ्ट चासीला लागतो का, हे सगळं अर्ध्या तासात समोर दिसतं. हे न करणाऱ्यांना ते पहिल्या मोठ्या खड्ड्यात कळतं.

४. जुना स्ट्रट सोडताना स्प्रिंग कंप्रेसर दोन्ही बाजूंनी समान आवळा. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

५. वरचा नट इम्पॅक्ट गनने लावू नका. पिस्टन रॉड गरगर फिरतो आणि आतलं सील पहिल्याच दिवशी दुखावतं. रॉड ॲलन कीने धरून पान्याने आवळा, मग टॉर्क द्या.

६. आर्मचे आणि टॉर्शन बीमचे बुश-बोल्ट चाकं लटकलेली असताना पूर्ण आवळू नका. हे सर्वांत जास्त वेळा चुकतं. रबरी बुश ज्या कोनात आवळला जातो तो त्याचा विश्रांतीचा कोन होतो. लटकत्या चाकावर आवळला की गाडी खाली आल्यावर तो कायम पिळलेला राहतो, काही महिन्यांत फाटतो, आणि उंचीही काही मिमी जास्त दाखवतो. गाडी चाकांवर उभी करून किंवा हब जॅकने ठरलेल्या उंचीपर्यंत उचलून मगच टॉर्क द्या.

७. एकदाच वापरायचे नट नवे घाला. एबीएसची वायर आणि ब्रेकची नळी स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावरही सैल राहते, हे शेवटी पुन्हा पाहा.

तपासणी: पहिल्या ५ किलोमीटरनंतर थांबा. चाकांचे नट, वरचे नट आणि वाटीचे लॉक रिंग हाताने आणि पान्याने तपासा.

## ८. उंची, मग अलाइनमेंट, मग दिवे

बसवल्या दिवशी अलाइनमेंट करू नका. ५० किलोमीटर चालवा, स्प्रिंग बसू द्या. मग पहिल्या टप्प्याप्रमाणे मध्यबिंदू ते मडगार्ड मोजा; या वेळी ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकी पोती ठेवा. डाव्या-उजव्यात ५ मिमीपर्यंत फरक सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर आधी टायरची हवा बघा, मग वाटी. वाटी फिरवण्याआधी आटे ब्रशने साफ करा आणि गाडी उचलून स्प्रिंगवरचा भार काढा. भाराखाली फिरवलेली ॲल्युमिनियमची वाटी आटे खाते.

उंची पक्की झाल्यावरच अलाइनमेंट. ३० मिमी खाली गेल्यावर पुढचा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचं वरचं टोक आत झुकणं) साधारण अर्ध्या अंशाने वाढतो. एवढ्याने टायर जात नाही. टायर खाते ती बिघडलेली टो (वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन). ती कंपनीच्या आकड्यावर आणा आणि स्टिअरिंग सरळ आहे याची खात्री करा. टॉर्शन बीमवर मागची टो फिरवायची सोय नसते. रिपोर्टमध्ये ती मर्यादेबाहेर दिसली तर बीम किंवा हब वाकलेला आहे का ते शोधा. नंतर कधीही उंची बदललीत, तर अलाइनमेंट पुन्हा.

मग हेडलाइट. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा खाली गेला की प्रकाशाचा झोत हलतो. आपोआप लेव्हल होणारे दिवे किंवा काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत कॅलिब्रेशन सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या.

## ९. डॅम्पर जुळवणं

बटण पूर्ण कडक दिशेला हलक्या हाताने फिरवा, तिथून उलटे क्लिक मोजत पूर्ण सैल करा, आकडा लिहा. सैल टोकापासून एक-तृतीयांशावर चारही ठेवा आणि ओळखीच्या गतिरोधकावरून ताशी २० किलोमीटरने जा. गाडी एकदा वर-खाली होऊन बसली तर ठीक. दोन-तीन वेळा डोलली तर दोन क्लिक कडक. ठिगळांच्या रस्त्यावर चाक टणाटण उडत असेल तर दोन क्लिक सैल.

रिबाउंड फार कडक केलं की एक वेगळाच दोष येतो. लागोपाठच्या खड्ड्यांत चाकाला परत खाली यायला वेळ मिळत नाही, गाडी दर खड्ड्यागणिक खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर चालू लागते. ते "स्प्रिंग कडक आहे" असंच जाणवतं, आणि माणूस भलतीच गोष्ट बदलतो. म्हणून आधी बटण सैल करून पाहा. एका वेळी एकाच धुरीवर बदल करा, आणि शेवटची चाचणी पाच माणसं बसवूनच.

## १०. ५०० किलोमीटर आणि पहिला पावसाळा

५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा आणि केबल टाय पुन्हा बांधून भरलेली गाडी फिरवा. बंप स्टॉपपर्यंत थोडं अंतर उरत असेल तर निवड बरोबर झाली. तो टेकत असेल तर गाडी १० मिमी वर घ्या. वाटीच फिरणाऱ्या सेटमध्ये याने हालचाल मोकळी होते. खालचा ब्रॅकेट फिरणाऱ्यात फक्त उंची वाढते, तिथे मागची स्प्रिंग एक आकडा कडक लागेल.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी वाट्या आणि आटे साध्या पाण्याच्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर नको. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरासारखं विश्वामित्रीचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं, तर गाळ वाळण्याआधी धुऊन काढा. वाळलेला गाळ आट्यांत सिमेंटसारखा बसतो आणि मग उंची कधीच बदलता येत नाही. दिवाळीआधी एकदा प्रत्येक वाटी एक फेरा वर, एक फेरा खाली फिरवून मूळ खुणेवर आणा आणि पेस्टचा नवा थर द्या.